गोठ्यातली सुकेळी

ॲल्फ्रेडने इंजेक्शन टाळायचं ठरवलं आणि तिथेच सगळं फिसकटलं.

तसा माणूस गरीब. आखातात, अल बर्शातल्या एका हॉटेलचे अकाउंट्स सांभाळतो, वीस वर्षांची शुगर सांभाळतो आणि बायकोचा, जीनचा, मूडही सांभाळतो. पण यंदा किडनी थकली. त्यामुळे रक्त बनेना, हिमोग्लोबिन घसरलं. डॉक्टर मरियम म्हणाल्या, "इंजेक्शन सुरू करू. केळी, खजूर खलास. पुढचा रिपोर्ट बरा आला तरच नाताळला वसई!"

वसईत आई दोन वर्षं वाट बघत होती. पण सुई म्हटलं की ॲल्फ्रेड दार गाठतो. त्याला आठवली सुकेळी! लहानपणी तापातून उठला की आई केळीच्या वाळक्या सोपटाची गाठ सोडून मधाच्या रंगाचं सुकेळं भरवायची, आणि दुसऱ्या दिवशी हा पोरगा विहिरीत डुंबत असायचा. नुसत्या आठवणीने त्याचे डोळे भरले. (सुकेळं म्हणजे वाळवलेलं केळंच, हे तो सोयीस्कर विसरला.)

वसईहून परतणाऱ्या मित्राकडून, व्हर्ननकडून, त्याने गुपचूप सुकेळी मागवली. लपवायची कुठे? हॉलमध्ये जीनने नाताळचा गोठा, म्हणजे ख्रिस्तजन्माचा देखावा, मांडला होता. मेंढ्यांमागच्या गवतात सुकेळी गडप झाली. मग काय, सकाळ-संध्याकाळ ॲल्फ्रेड गोठ्यापुढे गुडघे टेकून! जीन तर हरखूनच गेली.

रिपोर्ट आला. हिमोग्लोबिन होतं तिथेच, शुगर आणि पोटॅशियम मात्र आभाळाला भिडलेलं.

"केळी खाल्लीत?" डॉक्टरांनी विचारलं.

"छे! केळं बघितलंसुद्धा नाही."

"अहो डॉक्टर," जीनला रडूच फुटलं, "देवमाणूस आहे हा! तासन् तास गोठ्यापुढे असतो. प्रार्थनेत तोंड सारखं हलत असतं!"

"तोंड हलतं?" डॉक्टरांनी चष्मा काढला.

घरी येताच जीनने गवत उपसलं. ओरडली नाही, सरळ वसईला व्हिडिओ कॉल लावला.

"आई, डॉक्टर सोडत नाहीत," ॲल्फ्रेड कुरकुरला. "तुझी आठवण आली गं, म्हणून इंजेक्शनऐवजी सुकेळी खाल्ली."

"मेल्या, मला शुगर झाल्यापासून मी सुकेळ्याला हात लावलेला नाही! आणि इंजेक्शन का नाही घेतलंस?"

ॲल्फ्रेडने फोन जीनकडे सरकवला.

"जीन," पंच्याऐंशी वर्षांची आई म्हणाली, "माझं तिकीट काढ. मी रोज माझं मी टोचून घेते, याचंही बघते. पोर घाबरलंय, हात धरायला कुणीतरी हवं."