बस्ता बेचाळीस, नग सात

एका जंगलात कायद्याचे कॉलेज होते. हसू नका. होते.

ते काढले भैरोजी नावाच्या गव्याने. तोच तिथला पहिला प्राध्यापक आणि तोच आद्य अधिष्ठाता. अधिष्ठाता म्हणजे ज्याची खुर्ची सगळ्यांत मोठी. गव्याला ती तशीच लागते.

भैरोजी सर चाळीस वर्षे शिकवत होते आणि लिहीत होते. सागाच्या पानांवर लिहीत. पहिला ग्रंथ त्यांनी स्वतःच एका उपाशी संध्याकाळी खाल्ला. दुसरा त्यांच्या विद्यार्थ्यांनी, म्हणजे भेकरांनी, परीक्षेच्या आदल्या दिवशी खाल्ला. तेव्हा सरांनी दप्तराच्या, म्हणजे पाने ठेवायच्या खोलीच्या, दारावर शिंगाने नियम कोरला : ‘दप्तरातला नग कोणी खाऊ नये, फाडू नये, बाहेर नेऊ नये.’

पुढे सर वारले. मागे पानांचे बेचाळीस बस्ते, म्हणजे दोरीने बांधलेली गाठोडी, राहिले. त्यांतले एकेक पान म्हणजे एक नग.

ते राखायला गुंडाप्पा नावाचे खवले मांजर नेमले. नावात मांजर आहे, पण हे जनावर वेगळे. अंगभर खवले, तोंडात एक दात नाही, आणि भीती वाटली की स्वतःचा चेंडू करून बसते. गुंडाप्पाला पगार वाळवीत ठरला होता. बस्त्यांत निघेल ती त्याची. म्हणून तो बस्त्यांना कधी ऊन देत नसे. ऊन दिले की पगार घटतो.

एका दुपारी दप्तरात पिसोरी धावत आली. पिसोरी म्हणजे सशाएवढे हरीण. तिला बसायला सांगितले तरी ती उभीच राहिली.

“अण्णा, पाणवठा सगळ्यांचा, असं सरांनी कुठंतरी लिहिलंय. तेवढं पान काढून द्या.”

“कशाला?”

“बिबळ्या म्हणतो, पाणवठा त्याचा. मी तिथं पाणी प्याले. म्हणून पंचांनी मला त्याच्या ताब्यात दिलंय. जेवणापुरतं.”

“पंच कोण होते?”

“सरांचेच विद्यार्थी.”

“मग निकाल पक्का असणार,” गुंडाप्पा म्हणाला. “हे बघ पोरी, यादी झालेली नाही. ते पान कुठल्या बस्त्यात आहे, मला ठाऊक नाही.”

“उघडून बघा की.”

गुंडाप्पाने तिच्याकडे असे पाहिले, जणू तिने त्याचे खवले मागितले. “मी एकवीस वर्षं इथं आहे,” तो म्हणाला. “उघडून बघा म्हणणारी तू पहिलीच.”

तेवढ्यात बिबळ्या आला. सोबत त्याचा वकील, तरस. तरसाची फी म्हणजे उरलेली हाडे, त्यामुळे तो मन लावून काम करी.

गुंडाप्पाला चेंडू व्हायची घाई झाली. पण दप्तरात रक्त सांडले तर नोकरी जाणार होती. त्यातून पोर समोर कापत होती. त्याने बस्त्याची लाल दोरी ओढली, पिसोरीच्या पोटाला बांधली आणि चिठ्ठी अडकवली : ‘बस्ता बेचाळीस, नग सात. विषय : पाणी. स्थिती : थरथरती.’

मग तो चेंडू झाला.

“ही माझी आहे,” बिबळ्या म्हणाला.

“ती दप्तराची आहे,” चेंडूतून आवाज आला. “नग सात.”

बिबळ्याने वकिलाकडे पाहिले. तरसाने चिठ्ठी वाचली, दार वाचले आणि मान हलवली. “मालक, नोंद झाली. आता हिला खाणं गुन्हा आहे.”

“नुसतं चाटलं तर?”

“अर्ज करावा लागेल.”

बिबळ्या दारात बसला. एक दिवस गेला, दोन गेले. वाटेने ससे गेले, लांडोरी गेल्या. पण निकाल पिसोरीच्या नावाचा होता. दुसरे काही खाल्ले तर हक्क सोडल्यासारखे होईल, असे तरसाने बजावले होते. आत पिसोरीचा घसा कोरडा पडला. बाहेर बिबळ्याच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या.

तिसऱ्या दिवशी तरसाला युक्ती सुचली. “मालक, नियम जनावरांना आहे. नगाने नगाला खाऊ नये, असं दारावर कुठं आहे? तुम्हीही नग व्हा.”

बिबळ्या आत गेला. “मला दप्तरात घे,” तो म्हणाला.

“रीतसर बांधावं लागतं,” गुंडाप्पा म्हणाला.

“बांध. पण मला वेगळा बस्ता पाहिजे. तिच्या बस्त्यात मी बसणार नाही.”

गुंडाप्पाने त्रेचाळिसावा बस्ता काढला. पुढचे पाय बांधले. मागचे बांधले. मग दातांना वाळवी लागू नये म्हणून तोंडही बांधले, वर दोन गाठी जास्त. बिबळ्या ताठ मानेने उभा होता. एवढा मान त्याला जंगलात कोणी दिला नव्हता. चिठ्ठी लागली : ‘बस्ता त्रेचाळीस, नग एक. विषय : दात.’

मग त्याने तोंड उघडायला घेतले. ते उघडले नाही.

त्याने वकिलाकडे पाहून गुरगुर केली. तरसाने पुन्हा एकदा दार वाचले.

“मालक,” तो म्हणाला, “आता मला तुम्हाला बाहेर नेता येत नाही.” आणि फी देणारे दुसरे कोणी शोधायला तो निघून गेला.

पिसोरी उठली.

“कुठं निघालीस?” गुंडाप्पा म्हणाला. “नग बाहेर नेता येत नाही.”

“तुम्ही नेऊ नका. माझी मी जाते.”

गुंडाप्पाने दाराकडे पाहिले. त्यावर तसे काही लिहिलेले नव्हते. तो बाजूला झाला.

पिसोरी दोरीसकट पाणवठ्यावर गेली आणि पोट फुगेस्तोवर पाणी प्याली. पाणवठा कोणाचा, हे विचारायला तिथे कोणी नव्हते. सरांनी त्याबद्दल काय लिहिले होते, ते वाळवीला ठाऊक.

तात्पर्य : मुलांनो, थोरांचे विचार घट्ट बांधून ठेवावेत आणि कधी उघडू नयेत. विचारांनी आजवर कोणाचा जीव राखलेला नाही. दोरी मात्र चांगली घ्यावी.