बारवेवरच्या जाऊबाई

रुद्राणीबाईंनी एकदा मनावर घेतलं की दगडालासुद्धा त्यांचं ऐकावं लागे, असं त्या स्वतःच सांगत. "औश्याचं स्थळ म्या हातचं जाऊ देणार न्हाई! बघाच तुम्ही!" असं त्यांनी नवऱ्याला, शिवप्पांना, सकाळीच बजावलं. शिवप्पांच्या तोंडात राखुंडी होती, त्यामुळं त्यांनी नुसती मान हलवली. राखुंडी नसती तरी त्यांनी तेवढंच केलं असतं.

ही गोष्ट मोगलाईतली. जळकोटच्या अलीकडं बारवेची चिंचोली म्हणून गाव, तिथली. मुलगा औश्याच्या कचेरीत नक्कलनवीस. त्या दिवसांत निजामाच्या कचेरीतला जावई म्हणजे दारात हत्ती बांधल्यासारखं! शिवप्पांची लेक सिंधू देखणी, कामाला वाघीण. तरी दोन स्थळं परत गेली होती, आणि दोन्ही वेळचा गुन्हेगार एकच. बारवेवरची बाई!

बाई दगडाची. कुठल्याशा पडक्या देवळातून कुणी कधीकाळी आणून बारवेच्या काठावर उभी केलेली. उंची माणसाएवढी, कमरेत बाक, उजवा हात वर उचलून कानात कुडी घालण्यात गुंग. अंगभर दागिने, पण लुगड्याचा पत्ता नाही! गावात ज्याचं त्याचं तिच्याशी वेगळं नातं. म्हातारे खाली मान घालून जात. सासुरवाशिणी घागर भरता भरता तिला सासूची गाऱ्हाणी सांगत. कुणाला ती हसताना दिसे, कुणाला रडताना. रुद्राणीबाईंना मात्र ती कायम आपल्याकडं बघून ओठ मुरडताना दिसे.

पहिल्या स्थळाचा मामा तिच्यासमोर इतका वेळ उभा राहिला की मुलगी बघायची त्याला आठवणच उरली नाही! दुसऱ्या स्थळाची आजी फणकारली, "ज्या गावच्या पाण्यावर अशी उघडी बाई, त्या गावची पोर काय मर्यादेची असंल!" आणि गाडी तिथूनच वळवली.

औश्याची मंडळी तर मर्यादेला त्याहून कडक. मुलाची आत्या लक्ष्मम्मा म्हणजे तिच्यासमोरून कोंबडीनंसुद्धा पदर सावरून जावं!

"म्हणून सांगते धोंडे," रुद्राणीबाई धाकट्या जावेला म्हणाल्या, "आज त्या बयेला लुगडं नेसवायचं."

"आक्का! दगडाला?"

"मग काय पाहुण्यांचे डोळे बांधू?"

भर दुपारी, रस्त्यावर चिटपाखरू नाही असं बघून दोघी बारवेवर गेल्या. रुद्राणीबाईंनी आपलं नवंकोरं हिरवं इरकली लुगडं काढलं होतं. ऊन असं की पायरीवर भाकरी भाजावी. पण बाईला हात लावला तर ती गार! रांजणाच्या बुडासारखी गार! बारवेतले पारवे एकाएकी घुमायचे थांबले.

दगडाला नऊवारी नेसवायची म्हणजे खांबाला अंगरखा घालण्यातला प्रकार. दोघींनी दोरी आणली होती, टाचण्या आणल्या होत्या. लागलं काहीच नाही. निऱ्या आपसूक बसल्या, कासोटा चापून बसला.

"आक्का," धोंडाबाई कुजबुजली, "म्या निऱ्या खोचताना तिनं पोट आत घेतलं."

"गप ग! उन्हानं डोस्कं फिरलंय तुझं."

एकच अडचण आली. हात कानाशी, त्यामुळं पदर काही डोक्यावरून घेता येईना. तो खांद्यावरच सोडला. रुद्राणीबाई लांब जाऊन कौतुकानं बघत होत्या, तेवढ्यात धोंडाबाईनं घोटाळा केला. भ्याल्या माणसाला रीतच तेवढी आठवते. तिनं बाईला हळद-कुंकू लावलं, पायाशी मूठभर गहू ठेवून ओटी भरली, आणि हात जोडून म्हणाली, "रागावू नका बाई. सांजच्याला जेवायला या."

"अगं, जेवायला कशाला बोलवतीस?"

"नव्या लुगड्यातल्या सवाष्णीला तसंच पाठवायचं व्हय आक्का?"

गाडी आली ती दिवेलागणीला. वाटेत गाडीचा आस मोडला म्हणून उशीर झाला होता. लक्ष्मम्मा उतरल्या, पाय धुतले, बैठकीवर बसल्या आणि पहिलंच वाक्य बोलल्या ते असं:

"बारवेवर तुमच्या घरची बाई भेटली. लई गुणाची! म्या इचारलं, शिवप्पांचं घर कुठं हाय? तोंडातून शबुद न्हाई काढला. नुसता हात करून वाट दाखवली. आन् मर्यादा काय सांगू! डोक्यावरला पदर असा नाकापतुर!"

रुद्राणीबाईंनी गुळपाण्याचं तांब्या-फुलपात्र होतं तिथंच भुईवर ठेवलं. डोक्यावर पदर? पदर डोक्यावर यायचा तर कानाजवळचा हात खाली यायला पाहिजे!

"कोण त्या?" लक्ष्मम्मांनी विचारलं.

"त्या... आमच्या थोरल्या जाऊबाई," रुद्राणीबाईंच्या तोंडून निघून गेलं. "त्यांचं मौन असतं."

शिवप्पांनी बायकोकडं बघितलं. त्यांना थोरला भाऊच नव्हता. त्यांनी मान हलवली.

"झालं तर मग!" लक्ष्मम्मा मांडी ठोकून म्हणाल्या. "घरातल्या थोरल्या सवाष्णीनं पोरीला कुंकू लावायचं, मग आमी होकार द्यायचा, अशी आमच्याकडली रीत हाय. बोलवा त्यांना. त्या आल्याबगर म्या तोंडात घास घालायची न्हाई. आन् पुढचं बी बोलायची न्हाई!"

म्हणजे जावई, कचेरी, हत्ती, सगळं आता बारवेच्या काठावर!

रुद्राणीबाई स्वयंपाकघरात धावल्या. धोंडाबाई चुलीपुढंच होती, पाहुण्यांनी तिला अजून बघितलं नव्हतं. "म्या ते लुगडं काढून आणते. तू ते नेस, नाकापतुर पदर घे, पोरीला कुंकू लाव आन् परत चुलीपुढं बस. बोलायचं न्हाई!"

"आक्का, तिच्या अंगावरलं म्या नेसू? मला मारलं तरी..."

"मारणारच हाय!" असं म्हणून रुद्राणीबाई परसदारानं पळाल्या.

बारवेवर संधिप्रकाश पाण्यासारखा पसरला होता. दगडाची बाई जागेवर होती. हात कानाशी. कमरेत बाक. आणि अंगावर लुगडं नव्हतं!

रुद्राणीबाईंनी पायऱ्या बघितल्या, पाण्यात बघितलं, मागं कण्हेरीत बघितलं. हिरवा धागासुद्धा नाही. पायाशी ठेवलेले गहूही नाहीत. त्यांनी मान वर केली तर दगडाचे ओठ, देवाशपथ, आज मुरडलेले नव्हते. जेवून उठलेल्या बाईचे असतात तसे तृप्त होते! रुद्राणीबाई घराकडं सुटल्या त्या वासरू सुटल्यागत!

दारात पोचल्या तर लक्ष्मम्मांचं तोंड विड्यानं लाल झालेलं.

"आल्या की जाऊबाई! तुम्ही कुठं होता? काय ते तेज! कुंकू लावलं, पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला, गेल्या. होकार हाय आमचा!"

सिंधू पाटावर बसली होती. कपाळावर रुपयाएवढं कुंकू. ती हळूच म्हणाली, "आई, त्यांचा हात लई गार होता गं."

रुद्राणीबाई स्वयंपाकघरात गेल्या. धोंडाबाई होती तिथंच होती, आणि पोळी तव्यावर कोळसा होऊन राहिली होती.

"तू गेलतीस व्हय बाहेर?"

"न्हाई आक्का. त्या परसदारानं आल्या. म्या पान मांडून ठेवलं होतं. बोलावलं होतं न्हवं आपण?"

पान चाटूनपुसून साफ होतं. तुपाची वाटीही पालथी! परसदारापासून पाटापर्यंत आणि पाटापासून परसदारापर्यंत पावलं उमटली होती, आणि सारवलेल्या भुईत ती पावलं बोटभर खोल रुतली होती.

त्या घरात त्या रात्री कोण झोपलं ते विचारू नका. शिवप्पा झोपले.

सकाळी पाहुणे निघाले. रुद्राणीबाई आणि शिवप्पा गाडीबरोबर बारवेपर्यंत चालत आले. रुद्राणीबाईंच्या मनात एकच धावा. आत्याबाईंनी मान वळवू नये! ठरलेलं लग्न आता या उघड्या दगडावर आपटून फुटायला नको!

लक्ष्मम्मांनी गाडी थांबवली. उतरल्या. बाईसमोर उभ्या राहिल्या. तिला खालून वर न्याहाळलं. रुद्राणीबाईंनी डोळे मिटून घेतले.

"अगं बाई! ह्या तर जाऊबाई!"

रुद्राणीबाईंनी एक डोळा उघडला.

"काल कंदिलात नीट बघितलंय म्या. हीच हनुवटी, हेच नाक! कोणत्या पाथरवटाकडनं करून घेतली ओ?"

"जुनी हाय," शिवप्पा म्हणाले. ते खरंच होतं.

"काम झकास हाय. पण शरम न्हाई वाटत तुम्हाला? घरच्या सवाष्णीला अशी उघडी उभी करता!" लक्ष्मम्मांनी गाठोडं सोडलं. रुद्राणीबाईंनी रात्रीच आहेर केलेलं जांभळं लुगडं काढलं आणि स्वतःच्या हातानं बाईला नेसवलं. निऱ्या आपसूक बसल्या. गावाकडून धावत आलेली धोंडाबाई हे बघून आल्या पावली मागं पळाली.

"आन् एक सांगते, ईणबाई," लक्ष्मम्मा गाडीत चढत म्हणाल्या. "लग्न आमच्या औश्याला. तवा बी ह्याच जाऊबाईंनी कुंकू लावायचं. त्या आल्याबगर अक्षता पडायच्या न्हाईत. गाडी म्या धाडते!"

रुद्राणीबाईंनी गाडीचं चाक गच्च धरलं.

शिवप्पांनी एकदा जाऊबाईंकडं बघितलं, मग गाडीच्या चाकांकडं बघितलं, मग बैलांकडं.

"धाडा की," ते म्हणाले. "फकस्त बैलं जरा दणकट बघून धाडा."