वास न येणारी गाडी

मला गाडी लागते हे ऐकून ज्याला मनापासून आनंद झाला, असा एकच माणूस मला उभ्या जन्मात भेटला. पाष्टेभाऊजी. गोष्ट नव्वदीतली. कुवेतला अबू हलीफात आम्ही राहायचो, त्याच इमारतीत तळमजल्यावर कंपनीच्या फिटर लोकांची खोली होती, तिथले हे. गणपतीची वर्गणी घ्यायला वर आले, तेव्हा मी नुकतीच कुठूनशी गाडीतून आले होते आणि तोंडावर ओला टॉवेल टाकून कोचावर आडवी झाले होते. आमच्या ह्यांना तेवढंच निमित्त. म्हणाले, "हिला गाडी लागते. दोन सिग्नल लागले की बाईसाहेब संपल्या."

पाष्टेभाऊजींचा चेहरा उजळला. "खरंच, वहिनी? नुसती मळमळ, का उलटीपण?"

"उलटीपण," मी टॉवेलाखालून म्हटलं.

"वा! फार छान!"

पुण्याला आमच्याकडे अशा माणसाला दारातूनच वाटेला लावलं असतं. पण परदेशात माणूस वर्गणीसाठी येतो त्याला काय बोलणार?

माणूस गुहागरकडचा. बुटका, काटक, शुऐबाच्या तेलाच्या प्लांटमध्ये पंचवीस वर्षं पाइप जोडलेला. खिशात साबणाची डबी आणि दाढीचा ब्रश. दाढीसाठी नव्हे! कोणाच्याही घरी गेले की आधी स्वयंपाकघरात शिरायचे, सिलिंडरच्या रेग्युलेटरला साबणाचा फेस फासायचे आणि उकिडवे बसून बघत राहायचे. फेस फुगला नाही की, "लाइनीत आहे. आता टाका चहा." आमटी लाइनीत, पोरांचे मार्क लाइनीत, तब्येत लाइनीत. मी एकदा भाजी पार करपवली, सगळ्या मजल्याला कळलं, हे शेजारी बसून शांतपणे पेपर वाचत होते. "माझं नाक प्लांटनं कधीच खाल्लं, वहिनी."

तर या बिननाकाच्या माणसाला माझं नाक हवं होतं. त्यांच्या प्लांटवरच्या एका इंग्रज इंजिनियरनं सुट्या भागांची, घरी जोडायची गाडी विलायतेहून मागवली होती. अर्धीमुर्धी जोडली आणि साहेब मायदेशी गेले. जाताना सांगाडा पाष्टेभाऊजींना देऊन टाकला. दोन माणसांपुरती, ठेंगणी, फायबरच्या अंगाची गाडी. ती आता अम्गऱ्याला यासीनभाईंच्या भंगाराच्या यार्डात उभी होती. यासीनभाई दाभोळचे, म्हणजे खाडीपलीकडचे शेजारीच. इंजिन त्यांनी भंगारातलं दिलं. इंजिन, ब्रेक, चाकं, सगळं चार महिन्यांत बसलं. टाकीपासून इंजिनापर्यंतची पेट्रोलची लाइन मात्र वर्ष उलटलं तरी चालूच!

"गाडी काय, कोणीपण पळवेल," ते म्हणाले. "वास नाय आला पाहिजे. यासीनभाईचं नाक अत्तरानं गेलंय. तुम्हीच या."

आमचे हे खुशाल म्हणाले, "जा की!" नसती आफत.

त्या शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, आम्ही दोघं गेलो. भाऊजींनी मला देवदर्शन घडवावं तशी टाकी दाखवली. अॅल्युमिनियमचा पत्रा स्वतः वाकवून, स्वतः वेल्डिंग करून केलेली. तिथून निघालेली बारीक पोलादी नळी, वाटेत फिल्टर, मग पंप, मग इंजिन. प्रत्येक जोडाला साबण फासून झालेला. आणि टाकीच्या माथ्यावर एक रबरी नळी.

"ही कशाला?"

"टाकीला श्वास घ्यावा लागतो, वहिनी. इथल्या उन्हात पेट्रोल फुगतं. वाट नाय दिली तर टाकी फुगायची. आणि वाट दिली की आला वास. सगळी गोम तिथंच हाय."

मी आत बसले. काचा वर. यासीनभाई बादली घेऊन बाजूला उभे. भाऊजींनी यार्डाभोवती गाडी फिरवायला घेतली, आणि दुसरा फेरा पुरा व्हायच्या आत मी बादली मागितली.

"तीन मिनिटं!" भाऊजींनी वहीत लिहून घेतलं. "वहिनी, मशीनलासुद्धा एवढं बारीक कळत नाय!"

बाई गं, मी भडकलेच. "डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? मी काय उंदीर आहे प्रयोगाचा? आणि कोणासाठी चाललंय हे सगळं? गाडीला कागद नाहीत, रस्त्यावर नेता येणार नाही. या भंगारात गोल गोल फिरण्यासाठी?"

भाऊजींनी वही मिटली. यासीनभाई बादली घेऊन लांब गेले, म्हणजे त्यांना कारण ठाऊक असावं.

"आमची ही येतेय," भाऊजी म्हणाले. "फेब्रुवारीत. फॅमिली व्हिसाएवढा पगार काय माझा झाला नाय, पण महिन्याचा व्हिजिट मिळतोय. वीस वर्षं झाली लग्नाला. सुट्टी दोन वर्षांतनं एकदा. दोघांनी मिळून केलेला प्रवास एकच, वहिनी, गुहागर ते मुंबईचा विमानतळ, भाड्याच्या जीपनं. मला सोडायला येते. चिपळूणला ओकायला सुरुवात करते, पनवेल येईपर्यंत तिच्यात काय म्हणता काय राहत नाय. शेवटचं काय बोलायचं असतं ते राहूनच जातं. पेट्रोलचा वास सोसत नाय तिला. एकदा तरी तिला शेजारी बसवून, हसत-बोलत फिरवायचीय."

आमच्या ह्यांना राहवलं नाही. "पण पाष्टे, ती भाड्याची जीप डिझेलची असेल."

"वास तो वास, साहेब."

मी पदरानं तोंड पुसलं आणि म्हटलं, "पुढच्या शुक्रवारी किती वाजता यायचं?"

त्या हिवाळ्यात मी किती वेळा ओकले ते विचारू नका. श्वासाची नळी आधी सीटमागे संपत होती, ती बाहेर नेली. मग चाकाजवळून वास आत यायला लागला, म्हणून पार मागे नेली आणि वर वळवून उंच ठेवली. टाकीच्या झाकणाचं रबर बदललं, सीटमागची फट बुजवली. तीन मिनिटांची सहा झाली, सहाची अकरा. जानेवारीच्या शेवटी एकदा गाडी थांबली आणि माझे डोळेच उघडेनात. भाऊजी घाबरून ओरडले, "पाणी आणा, बेशुद्ध झाली!" अहो, कसली बेशुद्ध? चक्क झोप लागली होती मला. चालत्या गाडीत, आयुष्यात पहिल्यांदा! भाऊजी बंपरवर बसले आणि दोन्ही हातांत तोंड झाकून रडले. मलाही आलं रडू.

सुलोचनावहिनी आल्या. सावळ्या, ठसठशीत, कमी बोलणाऱ्या. शुक्रवारी भाऊजी पहाटेच यार्डात गेले आणि आम्ही वहिनींना मागून घेऊन निघालो. आमच्या गाडीत एसीचा कोंदट वास, त्यात ह्यांचं ब्रेक मारणं. मी जीव मुठीत धरून बसलेली. आणि शेजारी सुलोचनावहिनी भाजलेले शेंगदाणे खात बाहेर बघत होत्या.

यार्डात भाऊजी इस्त्रीचा शर्ट घालून उभे होते. दार उघडून बायकोला बसवलं. एक फेरा, दोन, तीन. थांबून त्यांनी तिच्या तोंडाकडे रेग्युलेटरवरचा फेस बघावा तसं बघितलं.

"काय होतंय?"

"काय नाय हो. बरं वाटतंय मला."

यासीनभाईंनी टाळ्या पिटल्या. भाऊजी इंजिन उघडून त्यांना पुन्हा सगळी लाइन दाखवायला लागले. मी वहिनींना चहा नेऊन दिला आणि न राहवून विचारलंच, "वहिनी, खरं सांगा. तुम्हांला गाडी लागते ना?"

त्यांनी आधी नवऱ्याकडे बघून घेतलं.

"माहेराला जाताना कधी नाय लागत. एसटीनं जाते, चांगली चार तास. ह्यांना मुंबईला पोचवायचं असलं की लागते. घरात बॅग भरायला घेतली की तेव्हाच पोटात ढवळतं. परत येताना त्याच जीपमधून येते, तेव्हा काय होत नाय."

"अहो, मग हे सांगितलं का नाहीत त्यांना? दीड वर्ष तो माणूस त्या नळ्यांशी झगडतोय!"

"काय सांगू?" त्या म्हणाल्या. "सांगितलं असतं तर विमानात बसताना तेपण घेऊन गेले असते. वासावर त्यांना कायतरी करता येतं. बाकीच्यावर काय करणार होते? तुम्हीपण नका सांगू हां."

मी मानेनंच नाही म्हटलं.

तेवढ्यात भाऊजी हात पुसत आले. "आणखी एक फेरा मारायचा का गं?"

त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत वहिनी गाडीत जाऊन बसल्या होत्या. टाकीत पाच लिटर पेट्रोल होतं. भंगाराच्या ढिगांमधून दोघं गोल गोल फिरत राहिले, काचेतून तोंडं दिसत होती, दोघंही एकदमच बोलत होते. उन्हं कलली, गाडी यार्डाच्या पलीकडच्या टोकाला आचके देत बंद पडली, आणि तरी आतून कोणी उतरेना. मग यासीनभाई कॅन घेऊन पेट्रोलपंपाकडे निघाले.