हनुवटीखालचे चार केस

माणसं परगावी निघाली की आधी तिकीट काढतात. आमचे शेजारी वासुदेवकाका आधी दाढीचा डबा भरतात. पितळी वाटी, ब्रश, पोलादी रेझर, ब्लेडचं पाकीट आणि तुरटीचा खडा. मध्यंतरी ते लेकीकडे चार दिवस राहून बोरगावला परतले. लेक कशी आहे, नातू काय म्हणतो, ते राहिलं बाजूला. "पानी खारं आहे तिथलं. फेस बसून जाते," एवढीच बातमी आम्हाला मिळाली.

दाढी म्हणजे दोन हात. पहिला सुलटा, दुसरा उलटा. डब्यातून फुस्सकन फेस काढणाऱ्यांना काका विचारतात, "केकावर मलई लावून राह्यला काय?" मी थोडी दाढी राखतो. त्यावरून हा माणूस गेली अकरा वर्षं मला भर रस्त्यात ओरडून विचारतो, "काऊन रे, सुतक आहे काय घरी?" माझी बायकोसुद्धा आता हसत नाही, इतकं ते जुनं झालंय.

या सगळ्या तोऱ्याला परीक्षक मात्र एकच, काकू. त्यांचा एक डोळा लहानपणीच गेलेला. उरलेल्यात मोतीबिंदू पिकला, पण एकुलत्या डोळ्याला काही झालं तर, या भीतीने त्या चार वर्षं ऑपरेशन टाळत राहिल्या. शेवटी शेवटी नुसता उजेड-अंधार कळायचा. रोज सकाळी नऊला काका त्यांच्या खुर्चीपुढे स्टुलावर बसून गाल पुढे करायचे. काकू सावकाश हात फिरवायच्या आणि म्हणायच्या, "झाली." नाही म्हणाल्या, तर काका निमूट आरशाकडे परत. हे मी कंपाउंडवरून रोज बघायचो.

यंदा काकू तयार झाल्या. नागपूरच्या एका दवाखान्यात ऑपरेशन ठरलं, सोबतीला मी गेलो. ऑपरेशन झालं. पट्टी दुसऱ्या दिवशी दहा वाजता उघडायची होती.

"उद्या चार वर्षांनी मी तिले साफ दिसतो," काका म्हणाले. "एक केस नाई राह्यला पाहिजे."

आणि नेमका दारावरच्या गार्डने डबा अडवला. ब्लेड आत चालत नाही म्हणे.

"दाढी कराले चाललो भाऊ, दरोडा टाकाले नाई!"

गार्डने डबा कपाटात ठेवला, कुलूप लावलं आणि ड्युटी संपल्यावर किल्लीसकट घरी गेला. सकाळी दुसरा गार्ड. त्याला डबाही ठाऊक नाही आणि किल्लीही. काकांचा आवाज दुसऱ्या मजल्यापर्यंत गेला. खरं सांगतो, माझाही गेला.

औषधाच्या दुकानात प्लास्टिकचं रेझर मिळत होतं. काकांनी ते दोन बोटांत धरून पाहिलं, "खेळणं आहे हे," म्हणाले आणि परत दिलं. मग सलूनची शोधाशोध. पहिलं अकराला उघडणार होतं. दुसऱ्यातल्या पोराने विचारलं, "अंकल, सेट की क्लीन?" आणि फेसाचा डबा उचलला.

"ब्रश कुठं आहे?"

"ब्रश कोण वापरते आता, अंकल?"

काका खुर्चीचे हात घट्ट धरून बसले. सुलटा हात झाला आणि पोराने टॉवेल उचलला. उलटा मारला तर दाणे येतात म्हणे.

"दाणे माह्या तोंडाले येतीन, तुह्या नाई!" काका गरजले. पण दहाला वीस मिनिटं कमी होती, म्हणून मी त्यांना ओढतच बाहेर काढलं.

पट्टी उघडली. काकूंनी डोळ्याची उघडझाप केली आणि पहिल्यांदा मी दिसलो. "काऊन रे, किती जाड झाला तू!" मग त्यांनी काकांकडे पाहिलं. काका हनुवटी झाकून उभे होते. काकू बराच वेळ बघत राहिल्या, त्यांच्या डोळ्यातून पाणी आलं.

"हात काढा," त्या म्हणाल्या. मग, "खाली राह्यली तुमची."

परतीच्या बसमध्ये बुटीबोरी येईपर्यंत काका त्या पोराचा, गार्डचा आणि अख्ख्या शहराचा उद्धार करत होते. मांडीवर सोडवून आणलेला डबा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही हातांची कडक दाढी करून ते स्टुलावर बसले. गाल पुढे केला. काकू सुपातल्या तांदळातले खडे वेचत होत्या. स्वतःच्या डोळ्याने खडे दिसतात, याचंच त्यांना अप्रूप. त्यांनी मान वर केली, "झाली," म्हणाल्या आणि पुन्हा सुपात बघू लागल्या. काका गाल पुढे करून तसेच बसून राहिले.

मला रागच आला. बायकोला दृष्टी आली, माणसाने पेढे वाटायचे की तोंड पाडून बसायचं?

"काय झालं काका?"

"काई नाई. दिसते तिले आता."

आठवड्याने ते पेपर न्यायला माझ्या फाटकाशी आले. हनुवटीखाली चार केस सरळसरळ उभे होते. अकरा वर्षं मी या दिवसाची वाट पाहत होतो.

"काका, सुतक आहे काय? खाली राह्यली ना!"

त्यांनी चटकन मागे वळून अंगणात बसलेल्या काकूंकडे पाहिलं. "हळू बोल ना, बाप्पा! तुले काय कराचं आहे?"

पेपर तसाच टाकून ते गेले आणि स्टुलावर बसून हनुवटी वर केली. काकूंनी सूप बाजूला ठेवलं, पुढे वाकल्या आणि हात लावला.

"राह्यली की हो इथं. कालही राह्यलती. रोज कशी राह्यते?"

"ब्लेडच बोथट येऊन राह्यले आजकाल," काका डोळे मिटून म्हणाले.