नत्थुजी पाटलांचं इंग्रजी

नत्थुजी पाटलांना नको ते बोलून बसायची खोड होती. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली आणि इकडे वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला, तेव्हापासून ती आणखीच वाढली. दिवाळीला लेकीला, कौशल्येला, माहेरी पोचवायला आलेले तेल्हाऱ्याचे व्याही, किसनराव, यांना ते भर पंगतीत सांगून बसले, "कापूस पाहाले सरकारचा साहेब माह्या वावरात येऊन राहिला. मी त्याच्यासंगं इंग्रजीत बोलतो!"

किसनराव खवचट माणूस. म्हणाले, "मंग आमी ऐकाले येतोच."

आता इंग्रजी आलं नाही, तर टोमणे पाटलांना नव्हे, कौशल्येला ऐकावे लागणार होते. तेही सासरी, जन्मभर. आणि पाटलांना तर इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. त्यांनी अमरावतीच्या शाळेतल्या हरिहर मास्तरांना बोलावून आणलं.

"साहेब दोनच शब्द वापरेल," मास्तर म्हणाले. "प्राइस म्हणजे भाव आणि प्राइझ म्हणजे बक्षीस. भाव विचारला तर आकडा सांगा, चांगल्या कापसाला बक्षीस दिलं तर हात जोडा. उलटं करू नका."

"दोनी एकच तर हायेत!"

"नाहीत. एकाच्या शेवटी साप फुसकारतो, दुसऱ्याच्या शेवटी भुंगा गुणगुणतो."

साहेब यायच्या आदल्या दिवशी किसनराव दाखल झाले. पाटील बिचारे त्यांना चुकवून, साहेबासाठी रचलेल्या निवडक कापसाच्या ढिगामागे जाऊन बसले आणि सापाचा सराव करू लागले. पलीकडून जाणाऱ्या गड्यानं ते फुसकारणं ऐकलं.

"साप! साप!"

दहा माणसं काठ्या घेऊन धावली. ढीग उपसला, तुडवला, अंगणभर पसरला. किसनराव गाडीवर चढून बसले, ते जेवायलाच उतरले.

"अवो, साप पाह्यला कोनं?" मैनाबाईंनी नवऱ्याला विचारलं.

व्याही कान टवकारून बसलेले. पाटील काय सांगणार? तेही काठी घेऊन साप शोधू लागले. मग मैनाबाई आणि शेजारणी दिवस मावळेपर्यंत कापसातला काडीकचरा वेचत बसल्या आणि त्या सापाच्या सात पिढ्यांचा उद्धार पाटलांना मुकाट्यानं ऐकावा लागला.

दुसऱ्या दिवशी साहेब आला. कोवळा, उन्हानं लालबुंद झालेला पोरगेला साहेब. किसनराव सगळ्यात पुढे बसले होते. साहेबानं कापूस हातात घेतला, तंतू ओढून पाहिला आणि तोंड उघडलं. आता साप येतो की भुंगा?

"पाटील," साहेब हळूच म्हणाला, "आपण जरा एकीकडे येण्याची कृपा कराल काय?"

मराठी! पाटील भारावल्यासारखे त्याच्यामागून विहिरीकडे गेले. साहेबानं आजूबाजूला पाहून घेतलं.

"सोमवारी माझी मराठीची परीक्षा आहे. दोनदा नापास झालो. आता झालो तर बढती गेली. मला दोन शब्द फार छळतात. पेरणे आणि पुरणे. मागच्या खेपेस मी लिहिले, शेतकऱ्याने आजोबांना पेरले आणि ज्वारी पुरली."

नत्थुजींचा जीव भांड्यात पडला. ज्याच्या धाकानं चार दिवस अन्न गोड लागलं नव्हतं, तो त्यांच्याच चिखलात रुतला होता. त्यांना त्या पोराची एकदम मायाच आली.

"सोप्पं हाय, सायेब. ज्याची वाट पाहाची ते पेराचं. ज्याच्यासाठी रडाचं ते पुराचं."

साहेबानं घाईघाईनं वही काढून लिहून घेतलं. पाटलांनी बोट नाचवत त्याच्याकडून तीनदा घोकवून घेतलं, एकदा चुकला तर रागावलेही. साहेब मान डोलावत होता. शेवटी त्यानं पाटलांचा हात दोन्ही हातांत धरून जोरजोरात हलवला आणि खुशीत निघून गेला. भाव आणि बक्षीस दोन्ही राहूनच गेलं.

हे सगळं किसनराव लांबून आ वासून पाहत होते.

"इवाई, इतका वेळ काय बोलून राहिले होते?"

"काई नाई," पाटील म्हणाले. यात खोटं काहीच नव्हतं. "साहेबाले दोन शब्द अडले होते. समजावून देल्ले."

गाडीत बसताना किसनरावांनी हात जोडले.

"चुकलो, पाटील. आता आमच्या घरी कोनी कौशल्येले वाकडा शबद बोलनार नाई. अन् तिले पोरगं झालं का तुमच्याकडंच धाडतो, इंग्रजी शिकाले."

पाटलांनी मनात मोजून पाहिलं. अजून सात-आठ वर्षं तरी हाती होती.

"धाडा की!" ते म्हणाले.