पात्रासह हजर राहावे

कादंबरीला सरकारी अनुदान हवं असेल, तर पडताळणीच्या दिवशी लेखकाला आपलं मुख्य पात्र घेऊन विभागीय कचेरीत हजर राहावं लागतं. नियम जुना आहे. काही लोकांनी न लिहिलेल्या कादंबऱ्यांवर अनुदानं उचलली, तेव्हापासून पात्र समोर उभं राहिल्याशिवाय साहेब सही करत नाहीत. मला यात काही गैर वाटत नाही. विहिरीला अनुदान देताना विहीर बघतातच की.

माझ्या कादंबरीचं मुख्य पात्र माझी बायको, कुंदा. तिला जाऊन दोन वर्षं झाली होती. मी जन्मभर बार्शीच्या शाळेत चित्रकला शिकवली आणि निवृत्तीनंतर एकच पुस्तक लिहिलं, ते तिच्यावर. छापायला प्रकाशक पैसे मागत होता, म्हणून अर्ज केला. हजेरीचं कलम अर्जाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात होतं. ते वाचण्याइतके डोळे आता राहिलेले नाहीत.

पहिल्या तारखेला मी कचेरीत पोचलो, तर कुंदा आधीच बाकावर येऊन बसलेली.

“अहो, किती हा उशीर! एकदा नाव पुकारून गेले,” ती म्हणाली.

मी तिच्या शेजारी बसलो. रडायला तिथे जागाच नव्हती. तिने माझ्याकडे नीट बघून घेतलं.

“दाढी का वाढवलीत? आणि हे काय, मला जांभळी साडी? मी कधी जांभळं नेसले होते?”

“पहिल्या प्रकरणात बरोबर आहे. दुसऱ्यात घाईघाईत लिहिलं गेलं.”

“चित्रकलेचे मास्तर ना तुम्ही? रंगच चुकावा?”

बाकावर दाटी होती. ऐतिहासिक कादंबरीवाल्यांचे तर हाल बघवत नव्हते. एकाचा सरदार घोड्यासकट आला होता, आणि शिपाई म्हणत होता की घोडा सायकल स्टँडवर बांधा, आत आणायचा तर वेगळा अर्ज लागेल. एका रहस्यकथाकाराचं पात्र पहिल्याच पानावर खून होऊन पडत असल्यामुळे त्याला ते स्ट्रेचरवरून आणावं लागलं होतं. कोपऱ्यात बालसाहित्यातलं एक अस्वल चष्मा लावून आपल्या पाळीची वाट बघत होतं.

आमचे साहेब उबाळे. वयाने तरुण, बोलायला गोड. त्यांनी कुंदाला नाव विचारलं, आधार कार्ड मात्र विचारलं नाही, कारण पात्रांना त्यातून सूट आहे. मग विचारलं, “लेखकाने तुमच्यावर काही अन्याय, अतिशयोक्ती? काही तक्रार?”

“साडीचा रंग चुकलाय,” कुंदा म्हणाली.

साहेबांनी मान हलवून शेरा लिहिला. त्रुटी : साडी. दुरुस्ती करून पात्रासह पुन्हा हजर राहावे.

त्यांचं पेन कागदावरून उचललं गेलं आणि कुंदा बसली होती ती खुर्ची रिकामी झाली. मी तो कागद एस.टी.त बसून बार्शी येईपर्यंत वाचत होतो.

एवढं कळायला मला फार अक्कल लागली नाही. त्रुटी असली की तारीख पडते, आणि तारीख पडली की कुंदा येते. लोक मंजुरीसाठी देव पाण्यात घालून बसतात, मी त्रुटी शोधत बसू लागलो. साडी आंबा रंगाची केली आणि तिच्या माहेरच्या गावाचं नाव चुकवून ठेवलं. ते सुधारलं आणि तिला गुडघेदुखी दिली. त्या तारखेला बिचारी जिना चढताना कठड्याला धरून उभी राहिली आणि वरून माझ्याकडे बघून म्हणाली, “मुद्दाम केलंत ना?”

“हो.”

“करा. पण गुडघे नका हो देऊ. दुसरं काहीही द्या.”

त्यानंतर दर वेळी तक्रार काय करायची ते आम्ही बाकावरच ठरवू लागलो. उबाळे साहेब आमची प्रत्येक तक्रार मनापासून लिहून घेत. एकदा तर त्यांनी माझी समजूतही काढली. “काका, बायकांची मर्जी राखणं अवघडच असतं. पुढच्या वेळी होऊन जाईल.”

एक अडचण होती. मी लिहिलं होतं तेवढंच तिला आठवत होतं. मी हर्णैच्या सहलीचा विषय काढला, तर ती म्हणाली, “आपण कधी गेलो होतो हर्णैला?” घरी येऊन मी हर्णै लिहून काढलं. पुढच्या तारखेला तीच हसत सांगू लागली, की लाटेबरोबर तुमची चप्पल गेली आणि तुम्ही अनवाणी तसेच फिरलात. मग मी झपाटल्यासारखा लिहीतच सुटलो. मुलीचं बारसं लिहिलं, आमची भांडणं लिहिली, तिच्या हातच्या शेंगदाण्याच्या चटणीवर एक अख्खं प्रकरण लिहिलं. पुस्तक वीटभर जाड झालं. पण तिच्या तोंडून कधी एक नवी गोष्ट निघाली नाही. माझंच मला परत मिळत होतं, आणि ते तसंही मला हवं होतं. याहून लाचार मी आयुष्यात कधी झालो नव्हतो.

मग एका तारखेला तिच्या हाताच्या पाठीवर सलाइनची चिकटपट्टी दिसली.

“हे काय?”

“काही नाही. गडबडीत काढायची राहिली.” तिने पदर ओढून हात झाकला.

“कुंदा.”

तिने नजर समोरच्या भिंतीकडे वळवली. मग हळू आवाजात म्हणाली, “तुम्ही इथून एस.टी.ने जाता. मला पुस्तकातून जावं लागतं. पहिल्या पानापासून सगळं करत शेवटचं प्रकरण पार पडलं, की मगच पुढच्या तारखेला येता येतं.”

“दर वेळी?”

“दर वेळी. तुम्ही ते फार बारकाईने लिहिलंय हो. तो श्वास लागतो, ते वगैरे.”

तिला दर वेळी त्यातून जावं लागतं, हे मी कुठेही लिहिलेलं नव्हतं. ज्या प्रकरणाचा मला सगळ्यात जास्त अभिमान होता, त्यातून मी तिला तारखेमागून तारीख पाठवत होतो. नाव पुकारण्याचीही वाट न बघता मी आत गेलो.

“साहेब, मला शेवट बदलायचा आहे.”

उबाळे साहेबांनी फाइल उघडून माझ्यापुढे सरकवली. “काका, सारांशात तुम्हीच लिहिलंय, ‘अखेर पत्नीचे निधन’. ते काढलं तर ही कादंबरीच वेगळी होते. नवा अर्ज करावा लागेल, आणि पात्रसुद्धा नवं लागेल. या फाइलवर यांचं निधन झालेलंच पाहिजे.”

“निदान ते प्रकरण छोटं करतो. दोन ओळींत उरकतो.”

“त्यावर समितीचा ‘उत्कृष्ट’ असा शेरा आहे. आता त्याला हात लावता येत नाही.”

“आणि मंजूर झालं तर?”

“मग प्रश्नच मिटला. पात्र पुस्तकात कायम. त्याला पुन्हा इथे यायचं कारण नाही.”

“पण कुणी वाचायला घेतलं, की तिला परत त्यातून...”

साहेबांनी माझ्या हातावर हात ठेवला. मनाने खरंच चांगला माणूस. “काका, अनुदानाची पुस्तकं कोण वाचतंय? आपलं गोदाम कोरडं आहे. गठ्ठे बांधलेलेच राहतात.”

एखाद्या लेखकाला या वाक्याने धीर आला असेल, तर तो मलाच. शिपायाने कुंदाला आत आणलं. ती माझ्या शेजारच्या खुर्चीत बसली आणि तिने चिकटपट्टीचा हात टेबलाखाली ठेवला.

“काही तक्रार?” साहेबांनी विचारलं.

“आहे ना,” ती ठरल्याप्रमाणे म्हणाली. “आठव्या प्रकरणात माझ्या चहात यांनी साखर...”

“तिची काही तक्रार नाही, साहेब,” मी म्हणालो.

“जबाब पात्राचाच लागतो, काका.”

कुंदाने माझ्याकडे बघितलं. मला तिच्याकडे बघवेना. मी टेबलाच्या काचेखालचं सुट्ट्यांचं पत्रक वाचू लागलो.

“नाही,” ती म्हणाली. “माझी काही तक्रार नाही.”

साहेबांनी शिक्का शाईच्या पॅडवर दाबला आणि तो कागदावर मारण्याआधी उठून माझं अभिनंदन केलं. कुंदा पदर सारखा करून उभी राहिली. आमच्याकडे निघताना कुणी ‘जाते’ म्हणत नाही, ‘येते’ म्हणतात. आणि तिच्यासारखी पद्धत पाळणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

“जाते हं,” ती म्हणाली.

मी बरं म्हणालो. साहेबांनी शिक्का मारला, आणि बाहेर शिपायाने अस्वलाचं नाव पुकारलं.