श्रावणात नामशेष

जगात जे जे आहे ते सगळं मोजता येतं, फक्त ते मोजणाऱ्याच्या सोयीच्या वारी हजर असलं पाहिजे. हे ज्यांना पटत नसेल त्यांनी एकदा हिंदमाताला यावं. साड्यांच्या दुकानांच्या डोक्यावर, दुसऱ्या मजल्यावर, आमचा ‘किनारी अपृष्ठवंशीय जीव गणना कक्ष’ आहे. अपृष्ठवंशीय म्हणजे कणा नसलेले. (यावरून कर्मचाऱ्यांची थट्टा करू नये असं परिपत्रक आहे. ते कर्मचाऱ्यांनी मान खाली घालून एकमताने स्वीकारलं.) सुरमई, पापलेट यांना कणा असतो, त्यामुळे त्यांच्याशी आमचा संबंध जेवणापुरता. कोलंबी, चिंबोरी, तिसऱ्या, कालवं, माकुल हे आमचं कार्यक्षेत्र. बोंबलाचं प्रकरण अजून विचाराधीन आहे.

कक्षाचे प्रमुख माधव सर मूळचे गिरगावचे आणि अत्यंत तत्त्वनिष्ठ. सोमवार पाळतात, गुरुवार पाळतात, संकष्टी, एकादशी आणि अख्खा श्रावण पाळतात. उरलेल्या दिवशी समुद्रावर इतकं प्रेम करणारा माणूस मी पाहिलेला नाही.

पूर्वी ही गणना किनाऱ्यावर व्हायची. ओहोटी बघून जायचं, पँट दुमडायची, चिखलात उतरायचं, खडकांच्या फटीत तोंड घालायचं. शी! सरांनी ही रानटी पद्धत बंद केली. त्यांचा युक्तिवाद बिनतोड होता. समुद्रात जे असतं ते बाजारात येतं आणि बाजारात येतं ते ताटात येतं. मग थेट ताटच का मोजू नये? तेव्हापासून आमचे गणक लालबाग, परळ, करी रोड इथल्या निवडक घरांत जेवणाच्या वेळी जाऊ लागले. (गणकांची पोटं सुटली. विज्ञानासाठी कुणालातरी सोसावंच लागतं.)

निष्कर्ष थक्क करणारे होते. मुंबईच्या किनाऱ्यावरचे झाडून सगळे अपृष्ठवंशीय प्राणी सोमवारी नामशेष होतात, मंगळवारी बिचकत परततात, बुधवारी बहरतात आणि गुरुवारी पुन्हा नामशेष होतात. रविवारी दुपारी एक ते तीन या वेळात जैवविविधता शिगेला पोचते, मग झोपते. परदेशातल्या शास्त्रज्ञांना हा प्रकार अजून ठाऊकच नाही. आपण नेहमी पुढे असतो, पण सांगत नाही.

अशा नावाजलेल्या कक्षाकडे गेल्या वर्षी सासूच्या खडकाचं काम आलं. दादरच्या किनाऱ्यालगत ओहोटीला उघडा पडणारा हा काळा खडक. पाऊल जपून टाकावं लागतं म्हणून हे नाव. त्यावर काँक्रीट ओतून ‘सागरी आनंद पथ’ करायचा होता, म्हणजे नागरिकांना समुद्राच्या आणखी जवळ जाऊन स्वतःचे फोटो काढता येतील. अट एकच होती. खडकावर काही जगत असेल तर पथ रद्द. ते ठरवायचं आम्ही.

काही जगतं असं म्हणणारी बाई होती तुळसा, शेजारच्या कोळीवाड्यातली. तिची आजी, तिची आई आणि ती, तिघी याच खडकावर वाकून कालवं फोडत आलेल्या. खडक गेला तर तिने करायचं काय, हा प्रश्न रास्त होता, पण तो आमच्या कार्यकक्षेत नव्हता. तुळसाला कणा आहे.

पाहणीचे आदेश निघाले, निविदा झाल्या, गणकांना हातपुसणी मिळाली आणि काम प्रत्यक्षात सुरू झालं तेव्हा श्रावण लागला होता. महिनाभर आमची माणसं ताटं तपासत हिंडली. अळूचं फदफदं, भेंडी, वालाचं बिरडं, साबुदाणा. एक तिसरी नाही, एक कालव नाही! गटारीच्या रविवारपर्यंत ओसंडून वाहणारी सृष्टी एका रात्रीत संपली होती. अहवालात कारण म्हणून ‘जागतिक तापमानवाढ’ लिहिलं. ते कुठेही शोभतं.

स्थानिकांचा दुजोरा हवा म्हणून एक गणक तुळसाकडेही गेला. खडकावर कालवं आहेत का, असं त्याने रीतसर विचारलं. तुळसाला वाटलं गिऱ्हाईक आहे. ती म्हणाली, “नाय. श्रावणात कोन खातंय?” अहवालात जागा कमी होती, म्हणून त्यातला पहिला शब्द घेतला.

आता प्रत्येक कार्यालयात एक तरी माणूस शिकून आलेला असतोच. आमच्याकडे वैदेही होती, प्राणिशास्त्र शिकलेली, करी रोडची. तिने रजा टाकली, ओहोटी बघितली आणि चक्क खडकावर गेली. परत आली ती गुडघे खरचटून आणि फोटो घेऊन. समुद्रफुलं, स्पंज, शंख, कालवांचे थरच्या थर, आणि एक नखाएवढी निळी गोगलगाय, जी तिने प्रत्येकाच्या टेबलापाशी जाऊन दाखवली. सरांनी सगळं शांतपणे पाहिलं. मग तिला समजावलं की प्राण्यांच्या घरी जाऊन प्राणी मोजणं पक्षपाती ठरतं, घरी कुणीही सापडतो. शिवाय गोगलगाय खात नाहीत, तेव्हा ती व्याख्येतच बसत नाही.

त्याच आठवड्यात हिंदमाताला पाणी भरलं आणि एक चिंबोरी जिन्याने थेट आमच्या दुसऱ्या मजल्यावर आली. नांग्या वर करून सरांच्या टेबलासमोर उभी राहिली. वैदेही म्हणाली, निदान हिची तरी नोंद करा. पण प्राणी कार्यालयात आला होता, ताटात नव्हे. गणपत शिपायाने “आज सोमवार हाय गं बाय” म्हणत तिला झाडूने खाली पोचवलं.

मग वैदेही सरांच्या केबिनमध्ये गेली. दार उघडंच होतं, त्यामुळे ऐकण्याचं पाप मला लागत नाही.

“सर, श्रावण आपला असतो. त्यांचा नसतो.”

“खरंय,” सर म्हणाले. “आणि अहवाल कोणाचा असतो?”

वैदेही बाहेर आली आणि खिडकीतून साड्यांची गर्दी बघत बसली. मला वाईट वाटलं, म्हणून तिला चहा मागवला आणि एक मार्ग सांगितला. कायदा दयाळू असतो. काम सुरू करण्याआधी वर्तमानपत्रात जाहीर सूचना देऊन हरकती मागवाव्या लागतात. शंभर नागरिकांनी हरकत घेतली की खडकाची फेरपाहणी, आणि तीही जागेवर जाऊन. तिचा चेहरा उजळला. दादरसारख्या ठिकाणी शंभर माणसं? तेवढी तर तिसऱ्या स्वस्त झाल्या की एका पाटीभोवती भांडतात. तिने तुळसालाही तसं सांगितलं. तुळसा देवाला नारळ बोलली.

यंदा सूचना आली. हरकती आल्या एक. ती तुळसाची, आणि ती फेटाळावी लागली, कारण खडकावर काही नाही हे तिनेच आधी सांगितलेलं होतं. वैदेही कर्मचारी असल्यामुळे नागरिकांत मोडत नाही. भाद्रपदात काँक्रीट पडलं. पथाच्या तोंडाशी फायबरची मोठी चिंबोरी बसवली आहे, रात्री डोळे चमकतात, त्यामुळे तिथली जैवविविधता शून्यावरून एकवर गेल्याचं सरांनी उद्घाटनात नमूद केलं. तुळसा आता दुसरीकडून आलेली बर्फातली कोलंबी विकते. तिला काही विचारलं की आधी बघते, समोरच्याच्या हातात कागद आहे का.

तुम्ही म्हणाल, अरेरे, आम्हाला कळलं असतं तर आम्ही नक्की हरकत घेतली असती. तुमच्या भावनेचा आदर आहे, पण सूचना तुमच्या घरी पोचली होती. गटारीचा रविवार, पान सात, डावीकडे खाली. त्या सकाळी तुम्ही ते पान ओट्याजवळ जमिनीवर अंथरलंत आणि त्यावर कोलंबी सोललीत. (शाकाहारी असाल तर कोथिंबीर निवडलीत.) मग सालं मधोमध गोळा करून पानाची पुरचुंडी केलीत आणि वास येऊ नये म्हणून वरून पान नऊही गुंडाळलंत.